"शुगर गेली" म्हणजे कुठे गेली?

"मलाही निघाली होती शुगर, पण डिलिव्हरी झाली आणि गेली." हे वाक्य मी तळोज्यात गेल्या पंधरा-सोळा वर्षांत किती जणींच्या तोंडून ऐकलंय याची मोजदाद नाही. सोसायटीच्या बाकावर, भाजीच्या गाडीपाशी, आता तर पेंधरच्या मेट्रोतसुद्धा. सांगणारी बहुतेक वेळा सुटल्यासारखी हसते. पाहुणी आली, तीन महिने राहिली, गेली. मीसुद्धा हे वाक्य म्हटलेलं आहे. माझी गोष्ट २००९ ची.

गेल्या महिन्यात भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, सातव्या महिन्यात शुगर निघाली. ती इथेच, फेज दोनला राहते. तिचा पहिला प्रश्न हाच होता, "मावशी, नंतर जाते ना गं ही?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण जाते हे खरं आहे आणि नाहीही. मी डॉक्टर नाही. कधीकाळी इतिहासात एम.ए. केलं, तेवढंच. पण त्यामुळे एक खोड लागली आहे. कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर ती सुरू कुठे झाली हे आधी शोधायचं. तसं मागे मागे जात मी थेट बर्लिनला पोचले.

१८२४ साली बर्लिन विद्यापीठात हाइनरिश बेनेवित्झ नावाच्या एका डॉक्टरने लॅटिनमध्ये प्रबंध सादर केला. विषय एकच बाई. फ्रेडरिका पापे, वय वर्षं २२, पाचवं गरोदरपण. (बावीस आणि पाचवं. असो, आपल्या पणज्या काही वेगळ्या नव्हत्या.) तिला न भागणारी तहान लागायची आणि लघवीत साखर होती. बाळ बारा पौंडांचं निघालं आणि जन्मतानाच दगावलं. बाई वाचली, आणि बाळंतपणानंतर तिची साखरही नाहीशी झाली. बेनेवित्झने प्रबंधाला नावच असं दिलं की मधुमेह हे गरोदरपणाचं एक लक्षण आहे. म्हणजे उलट्या होतात, पाय सुजतात, तशी साखर होते. गरोदरपण संपलं की लक्षण संपलं. दोनशे वर्षांपूर्वीचं हे "शुगर गेली"च आहे, फक्त लॅटिनमध्ये. प्रबंध बाळंतपणापाशी संपतो.

पुढची शंभर वर्षं या विषयात फार काही घडलं नाही, कारण घडण्यासारखी परिस्थितीच नव्हती. इन्सुलिन आलं १९२१-२२ मध्ये, टोरांटोत. त्याआधी मधुमेही मुलीला दिवस राहणंच कठीण, राहिले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ. अशा वेळी "बाळंतपणात आली आणि गेली" अशा सौम्य साखरेकडे कोण बघणार?

बघितलं गेलं ते उलट्या दिशेने. १९४० च्या दशकात काही डॉक्टरांच्या लक्षात आलं की पन्नाशीला मधुमेह घेऊन येणाऱ्या बायकांना त्यांची जुनी बाळंतपणं विचारली, तर त्यात अवाढव्य वजनाची बाळं आणि पोटात दगावलेली बाळं जास्त सापडतात. मधुमेह आत्ता कळतोय, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाळंतपणात त्याने दाराची कडी वाजवून पाहिली होती. हे वाचताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. माझे धाकटे दीर जन्मले तेव्हा साडेचार किलोचे होते, आणि गावातल्या दवाखान्यात त्यांना बघायला लोक आले होते म्हणे. घरात ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. सासूबाईंना मधुमेह निघाला तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कुणी कधी पाहिल्या नाहीत. गुटगुटीत बाळ हे कुठल्या आजाराचं लक्षण असू शकतं, हे कुणाच्या मनात यावं तरी कसं?

"गरोदरपणातला मधुमेह" हे नाव एल्सी कॅरिंग्टन या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९५७ मध्ये वापरलं. पण या गोष्टीचा खरा कणा बॉस्टनचा आहे, आणि तिथे जरा थांबते.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये एक काम सुरू केलं. तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांना ग्लुकोज प्यायला द्यायचं आणि रक्तातली साखर मोजायची. ह्यू विल्करसन आणि क्वेंटिन रेमिन यांनी ते सुरू केलं, पुढे जॉन ओसलिव्हन यांनी ते हातात घेतलं. अडचण अशी होती की गरोदर बाईची साखर किती म्हणजे "जास्त" हे ठरवायला भरवशाचं मापच नव्हतं. इतरांसाठीचे आकडे हिला लावून चालणार नव्हते, कारण गरोदरपणात सगळंच हललेलं असतं. मग ओसलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर माहान या दोघांनी ७५२ गरोदर बायकांना १०० ग्रॅम ग्लुकोज देऊन, उपाशीपोटी आणि नंतर तीन तास दर तासाला रक्त घेतलं. त्या चार आकड्यांची सरासरी काढली आणि सरासरीच्या बऱ्याच वर, म्हणजे दोन प्रमाण विचलनांवर, एक रेघ ओढली. चारपैकी दोन आकडे रेघेच्या वर गेले तर साखर जास्त.

पण रेघ कुठेही ओढता येते. ती बरोबर आहे हे कशावरून? इथे त्यांनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्याकडे आणखी १,०१३ बायका होत्या, गरोदरपणात तपासलेल्या आणि नंतर आठ वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेल्या. ती रेघ या बायकांना लावून त्यांनी पाहिलं, की रेघेच्या वर असलेल्यांपैकी पुढे किती जणींना कायमचा मधुमेह झाला. उत्तर आलं, आठ वर्षांत शंभरातल्या सुमारे बावीस जणींना. १९६४ मध्ये हे छापून आलं आणि पुढची कित्येक दशकं तीच रेघ थोड्याफार फरकाने जगभर वापरली गेली.

बघा, बाळाचं वजन या हिशेबात कुठेच नाही. सिझेरियन नाही, बाळाचा श्वास नाही. गरोदरपणातल्या साखरेचा हा पहिला पक्का आकडा ठरला तो एकच गोष्ट बघून, या बाईचं पुढे काय होणार. ही चाचणी मुळात आईच्या भविष्याची चाचणी होती.

मग ती तशी राहिली का नाही?

तर हळूहळू काटा बाळाकडे वळला, आणि वळायला चांगलं कारण होतं. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी मांडलं होतं की आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला लागतं आणि त्यावर ते फुगतं. शिकागोच्या नॉर्बर्ट फ्राइंकेल यांनी १९८० च्या व्याख्यानात हा विचार बाळाच्या सगळ्या पुढच्या आयुष्यापर्यंत ताणला. २००८ मध्ये नऊ देशांतल्या पंधरा केंद्रांमधल्या पंचवीस हजारांवर गरोदर बायकांचा प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. आईची साखर जसजशी वर जाते तसतसं बाळाचं वजन वाढतं, मध्ये कुठे पायरी नाही, असं त्यात दिसलं. २०१० मध्ये तज्ज्ञांनी त्यावरून नव्या रेघा ओढल्या आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या स्वीकारल्या. या रेघा बाळाकडे बघून ओढलेल्या आहेत. बाळाचा धोका तीन महिन्यांत समोर येणार, आईचा दहा वर्षांनी. डॉक्टरसमोर ज्याचं संकट आधी उभं, त्याच्याकडे तो आधी बघणार. यात वाईट काही नाही. फक्त बाळ सुखरूप हातात आलं की सगळ्यांना काम संपल्यासारखं वाटतं. डॉक्टरला वाटतं, सासरच्यांना वाटतं, आणि बाईला तर वाटतंच.

आपल्याकडे या विषयात घ्यायचं पहिलं नाव चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचं. त्यांच्या गटाने २००८ मध्ये तमिळनाडूतले आकडे मांडले. गरोदर बायकांपैकी शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ आणि खेड्यात ९.९ टक्के जणींना साखर निघाली होती. (आमचं तळोजं कशात धरायचं? सिडकोचे टॉवर शहर, एमआयडीसी न शहर न गाव, आणि तळोजे पाचनंद अजून गाव. तिन्ही आकडे एका पिनकोडात बसतील.) शेषय्यांनी आग्रह धरला तो सोप्या चाचणीचा. बाई जेवून आलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं, १४० किंवा त्याहून जास्त आली तर शुगर. कारण अगदी व्यवहारी. आरोग्य केंद्रात पायपीट करून आलेल्या बाईला "उद्या उपाशीपोटी या" म्हटलं की ती येत नाही. केंद्र सरकारने २०१४ च्या डिसेंबरात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच चाचणीच्या, आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. त्या सूचनांमध्ये बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे कागदावर बाई विसरलेली नाही.

विसरून चालणारही नाही, हे जवळच्याच आकड्यांवरून कळतं. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात गरोदरपणात उपचार घेतलेल्या बायकांना पुन्हा बोलावून तपासलं होतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचं हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. साडेचार वर्षांच्या आत निम्म्याहून जास्त जणींना मधुमेह झालेला होता. मान्य, मधुमेह विभागात पोचणाऱ्या बायकांची साखर आधीच बरीच वर असणार. म्हणून म्हैसूरचा अभ्यास शेजारी ठेवते, तो एका प्रसूती रुग्णालयात येणाऱ्या सर्वसाधारण बायकांचा आहे. तिथे पाच वर्षांनी, शुगर निघालेल्यांपैकी ३७ टक्के जणींना मधुमेह होता आणि न निघालेल्यांपैकी २ टक्के. शुगर निघालेल्या बायका त्यात पस्तीसच्या आसपासच होत्या, त्यामुळे ३७ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण सदतीस आणि दोन यांतलं अंतर नजरेआड करता येत नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये हा धोका सातपट आणि २०२० मध्ये जवळपास दहापट असल्याचं मांडलं गेलं.

असं का होतं, हे मला एका डॉक्टर मैत्रिणीने समजावलं तेव्हा बेनेवित्झ कुठे चुकला ते कळलं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वार जी संप्रेरकं सोडते त्यांच्यामुळे आईचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं. हे सगळ्याच बायकांचं होतं. त्यावर उपाय म्हणून स्वादुपिंड नेहमीच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवतं. बहुतेकींचं स्वादुपिंड हा भार पेलतं. ज्यांची ताकद आधीच तोकडी आहे त्यांचं मागे पडतं, आणि साखर चढते. वार पडली की भार उतरला, साखर त्याच दिवशी खाली. पण तोकडेपणा होता तिथेच राहिला. पूल कच्चा आहे हे ट्रक गेल्यावर कळलं, एवढंच. ट्रक निघून गेला म्हणून पूल पक्का होत नाही. पुढे वय वाढतं, वजन वाढतं, दुसरं बाळंतपण येतं, आणि कच्च्या पुलावरची वाहतूक वाढतच जाते.

आणि वजनावरून कुणी फसू नये. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडामासाने बारीक, पण अंगातली चरबी मात्र टिकवून असलेली. ती मुलं अठरा वर्षांची झाल्यावर तपासली तर १८ टक्के मुलींची आणि ३७ टक्के मुलांची साखर बिघडलेली होती, आणि त्यांचा बांधा बहुतांशी चक्क सडपातळ. "ती कुठे जाडी आहे, तिला कसली शुगर" या वाक्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

आता तळोजं. इथे आमच्या इमारतीत एका मजल्यावर चार जिल्हे आहेत. सातारा, जळगाव, नांदेड, आणि चौथं बिऱ्हाड उत्तर प्रदेशातलं. नवरे एमआयडीसीत पाळीवर किंवा लोकलने मुंबईला. तळोजे गावातल्या आगरी आणि कोकणी मुसलमान घरांतल्या बायकांचं माहेर बऱ्याचदा रिक्षाच्या अंतरावर असतं. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं नसतं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. त्यामुळे होतं असं की साखर निघते इथल्या डॉक्टरकडे, सहाव्या-सातव्या महिन्यात. डोहाळजेवण झालं की पोरगी गावी. बाळंतपण करणारा डॉक्टर दुसरा. सव्वा महिना, कधी तीन महिने होऊन ती परत येते ती बाळ आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. फाईल माहेरच्या कपाटावर राहते. इथल्या डॉक्टरला वाटतं तपासणी तिकडे झाली असेल, तिकडच्याला वाटतं इकडे होईल.

माझं असंच झालं. मी कराडला बाळंत झाले. तिसऱ्या दिवशी साखर तपासली, नॉर्मल आली. डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या डोसांच्या तारखा होत्या, माझ्या टाक्यांबद्दल दोन ओळी होत्या, साखरेबद्दल काही नव्हतं. कुणी तोंडीही काही बोललं नाही. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच चालायचं. २०१५ मध्ये थायरॉइडसाठी रक्त दिलं तेव्हा इथल्या डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "बाळंतपणात शुगर होती का कधी?" आणि ग्लुकोज पाजून तपासायला लावलं. दोन तासांनंतरची १७२. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या अंगणात. मधली सहा वर्षं हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

सहा आठवडेच का, तर तोवर शरीर गरोदरपणातून बऱ्यापैकी बाहेर आलेलं असतं, खरी साखर दिसते. आपल्या आज्यांचा सव्वा महिना याच सुमाराला संपतो, हा योगायोग मला आवडतो. आणखी एक योगायोग आहे, जास्त कामाचा. बाळाचा दीड महिन्याचा डोस! सहा आठवडे म्हणजे तोच. त्या दिवशी आई बाळाला घेऊन कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाणारच, मग ती कराडला असो की तळोज्यात. बाळाचं कार्ड आपण किती जपतो बघा. प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाशेजारी. माझ्या लेकीचं कार्ड अजून आहे. माझ्या ग्लुकोज चाचणीचा कागद बारशानंतर कुठे गेला ते देवाला ठाऊक. भाचीला मी सांगितलं की तुझी तारीख बाळाच्याच कार्डावर मागच्या बाजूला लिहून ठेव. ती नांदेडला जाणार आहे बाळंतपणाला, पण कार्ड बरोबर फिरतं.

"पण तपासून काय होणार? व्हायचा असेल तर होणारच," असं ताई म्हणाली. आमच्या घरात मधुमेहाकडे पाऊस पडण्यासारखं बघतात. म्हणून हा भाग नीट वाचला.

अमेरिकेत मधुमेह टाळण्यासाठी एक मोठा प्रयोग झाला, त्याचे मुख्य निष्कर्ष २००२ मध्ये आले. साखर मधल्या पट्ट्यात असलेली माणसं घेतली. काहींना आहार-व्यायामाचा कसून कार्यक्रम, काहींना मेटफॉर्मिनच्या गोळ्या, काहींना नुसत्या साध्या गोळ्या. त्यात ३५० बायका अशा होत्या की ज्यांना पूर्वी बाळंतपणात शुगर निघालेली होती. त्यांचा हिशेब २००८ मध्ये वेगळा छापला गेला. आहार-व्यायामाने त्यांचा मधुमेहाचा धोका ५३ टक्क्यांनी कमी झाला आणि मेटफॉर्मिनने ५० टक्क्यांनी. ज्यांना बाळंतपणात शुगर नव्हती अशा बायकांना मेटफॉर्मिनचा उपयोग जेमतेम १४ टक्के. म्हणजे ही गोळी नेमकी आपल्यासारख्यांना जास्त लागू पडली. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता, आहार-व्यायामाचा ३५ टक्के आणि गोळीचा ४० टक्के.

या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट या टक्क्यांत नाही. त्या बायका प्रयोगात आल्या तेव्हा शुगर निघालेल्या बाळंतपणाला सरासरी बारा वर्षं होऊन गेली होती. मुलं सातवीत गेलेली. तरी उपयोग झाला. हे वाचून मी आमच्या इमारतीतल्या दोघींना फोन केला, ज्यांची मुलं आता दहावीला आहेत.

हे अमेरिकेतलं, आपल्याकडे काय? डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चेन्नईतल्या प्रयोगात (२००६) स्त्री-पुरुष दोन्ही होते. आपल्या हाडापेराच्या माणसांत आहार-व्यायामाने २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनच्या छोट्या मात्रेने २६.४ टक्के धोका कमी झाला. अमेरिकेपेक्षा कमी, पण झाला. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेश यांनी मिळून खास बाळंतिणींसाठी प्रयोग केला. नुकतीच शुगर निघून गेलेल्या १,६०१ बायका, १९ रुग्णालयं. निम्म्यांना चार गटबैठका आणि वर्षभर फोनवर संदेश, बाकीच्यांना नेहमीचीच काळजी. २०२२ मध्ये निकाल आला. साधारण सव्वा वर्षात कार्यक्रम मिळालेल्यांपैकी २५.५ टक्के जणींची साखर बिघडली, न मिळालेल्यांपैकी २७.१ टक्के. म्हणजे फरक नाही म्हटलं तरी चालेल.

हा निकाल वाचून मी पहिल्यांदा खट्टू झाले, मग मला तो अगदी पटला. मांडीवर पाच महिन्यांचं पोर, रात्रीची झोप नाही, सासूबाईंना नाश्त्याला पोहे, नवऱ्याचा डबा, आणि फोनवर संदेश येतो की रोज अर्धा तास भरभर चाला. कुठे चालणार? आमच्याकडे फूटपाथ जिथे आहेत तिथे गाड्या लावलेल्या असतात, आणि संध्याकाळी एमआयडीसीच्या बाजूने वारा फिरला की नाकाला पदर लावून घरात यावं लागतं. २०१७ मध्ये कासाडी नदीत सुटलेल्या रंगाने निळे झालेले कुत्रे याच तळोज्याचे. अमेरिकेतल्या कार्यक्रमात सुरुवातीलाच प्रत्येकीमागे एक माणूस आणि सोळा भेटी होत्या. सल्ला तोच, पण त्यामागे उभं राहणारं माणूस नसेल तर तो मोबाईलमध्ये पडून राहतो. मला यातून एवढं दिसतं की बाळंतिणीवर आणखी एक काम टाकून भागणार नाही, घरातल्या कुणीतरी तासभर बाळ घेतलं पाहिजे. आणि दुसरं, चौघींतल्या एकीची साखर वर्ष-सव्वा वर्षात बिघडते, तेव्हा दर वर्षी तपासणं हा आळशी उपाय नाही, तोच पाया आहे.

एक काम मात्र ती तसंही करत असते, अंगावर पाजण्याचं. कॅलिफोर्नियात बाळंतपणात शुगर निघालेल्या हजारभर बायकांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २०१५ मध्ये मांडलं गेलं की ज्यांनी जास्त आणि जास्त काळ अंगावर पाजलं त्यांच्यात मधुमेह कमी निघाला. घरातल्या मोठ्या बायकांचं हे म्हणणं तरी विज्ञानाने उचलून धरलं. लाडवांचं तेवढं धरलं नाही. मेथ्या, अळीव, डिंक खुशाल घ्या, पण एका लाडवात मुठीएवढा गूळ आणि वर "बाळंतीण आहे, खाऊ दे" असं रोज चार वेळा, हे शुगर निघालेल्या मुलीला झेपणारं नाही. या वाक्यावरून ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मुंबईतलं एक काम सांगायचं राहून जाईल. २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये "सरस" नावाचा प्रकल्प चालला, डॉ. रमेश पोतदार त्यातले एक प्रमुख. दिवस राहायच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत बायकांना रोज एक खाऊ द्यायचा, समोसा-भजीसारखा दिसणारा, पण आत पालेभाज्या, फळं आणि दूध. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तसाच खाऊ, आत बटाटा-कांदा. हेतू होता बाळांचं वजन वाढवण्याचा. पण हजारभर बायकांची ग्लुकोज चाचणी झाली, तेव्हा पालेभाजीवाल्या गटात ७.३ टक्के जणींना शुगर निघाली आणि बटाटावाल्या गटात १२.४ टक्के. औषध नाही, उपदेश नाही, हातात तयार खाऊ. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नुसते संदेश पाठवणाऱ्यांनी हे वाचायला हवं. माझी लेक आता ज्युनियर कॉलेजला जाते. कॉलेजच्या दारात काय मिळतं ते मी पाहून आले आहे, आणि त्यात पालेभाजी नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर २०१५ नंतर मी अजून अंगणातच आहे, घरात शिरलेले नाही. डॉक्टरबाईंनी २०१८ मध्ये मेटफॉर्मिन सुरू केलं. सकाळी सव्वासहाला मी आणि आठव्या मजल्यावरच्या शेख वहिनी इमारतीभोवती बारा फेऱ्या मारतो, वारा समुद्राकडून असतो तोवर. लेकीचा वाढदिवस जूनमध्ये. त्याच्या आधीच्या शनिवारी डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे गोळी थांबवून, उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, ते गोडमिट्ट पाणी प्यायचं आणि दोन तास बसायचं. लॅबमधला मुलगा दर वर्षी सांगतो, "मॅडम, तीन महिन्यांची शुगरवाली टेस्ट करा ना, बसावं लागणार नाही." मी पुस्तक घेऊन जाते.